चिनी मानाची तलवार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी तलवारींविषयीचे प्रश्न साधारण तीन वाटांनी येतात. कोणी मालिका पाहिलेली असते, कोणी संग्रहालयातला फोटो, आणि कोणाच्या काकांनी हाँगकाँगहून आणलेली तलवार माळ्यावर सापडलेली असते. उत्तरे सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ज्येन आणि दाओ यांत फरक काय?

ज्येन सरळ असते. तिला दोन्ही बाजूंना धार असते आणि पात्याच्या मधोमध उंच कणा. आपल्या खांड्याची आठवण व्हावी अशी. दाओला एकाच बाजूला धार असते, पाठ जाड असते आणि पुढच्या काळात तिला बाकही आला.

हान काळात (इ.स.पू. २०२ ते इ.स. २२०) रणांगणावर दाओने हळूहळू ज्येनची जागा घेतली. घोडेस्वाराला वरून घाव घालायला जाड पाठीचे पाते बरे पडते आणि एकच धार काढायची असल्याने ते घडवायलाही सोपे. ज्येन लढाईतून मागे सरली, पण दरबारात, विद्वानाच्या खोलीत आणि ताओपंथी पुजाऱ्याच्या हातात टिकली. म्हणून मानाची चिनी तलवार म्हटले की बहुधा ज्येनच डोळ्यांसमोर येते. ठळक अपवाद छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याचा; त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

२. समारंभाची तलवार आणि लढाईची तलवार वेगळी कशी ओळखायची? धार नसते का?

धारेवरून ठरवू नका. अत्यंत नटवलेल्या कित्येक तलवारींना उत्तम धार आहे. हुबेई प्रांतात मिळालेली, युए राज्याचा राजा गोउज्येन याची कांस्याची तलवार (प्रश्न १५) नक्षीने भरलेली आहे आणि तितकीच धारदारही. उलट हान काळानंतरच्या जिन काळात (इ.स. २६५ ते ४२०), दरबारात घालायच्या तलवारी चक्क लाकडाच्या होऊ लागल्या. वरिष्ठांच्या लाकडी तलवारीला जेड या मौल्यवान दगडाचा मुठीचा माथा, खालच्यांना शिंपले, सोने-चांदी किंवा कासवाच्या पाठीचे कवच. पाते कधी बाहेर निघणारच नव्हते, दिसणार होते ते मुठीचे टोक. मग लोखंड कशाला वाया घालवा?

त्यापेक्षा मूठ पाहा. मुठीवर उंच, टोकदार नक्षी किंवा बसवलेले खडे असतील आणि घट्ट पकडल्यावर तळहाताला टोचत असतील, तर ती वापरापेक्षा मिरवण्यासाठी आहे. लढाईच्या मुठीला दोरा, चामडे किंवा पाकट माशाचे खरखरीत कातडे गुंडाळलेले असते, कारण घामाने ओला झालेला हात घसरता कामा नये.

३. 'जेडची तलवार' म्हणजे पाते जेडचे असते का?

नाही. पाते लोखंडाचे किंवा कांस्याचे, आणि चार जागी जेड. हान काळातल्या पूर्ण जेड-साजाच्या तलवारीचे हे चार तुकडे लक्षात ठेवले तर संग्रहालयात सुटा पडलेला तुकडाही ओळखता येतो :

मुठीचा माथा : गोल चकती, वर वर्तुळे किंवा ढगांची नक्षी. मागच्या बाजूला मूठ बसवण्यासाठी कोरलेली गोल खाच असते.

परज : मूठ आणि पाते यांच्या मधला आडवा तुकडा, आरपार भोक असलेला. त्यावर बहुधा पशुमुख असते.

म्यानाची सरक : लांबट चौकोनी पट्टी, मागच्या बाजूला चौकोनी बोगदा. कमरेचा पट्टा या बोगद्यातून जातो आणि तलवार उभी लोंबते. हा तुकडा सर्वांत जास्त प्रमाणात सापडतो आणि जुन्या बाजारात 'कागद दाबायचा दगड' म्हणून विकला गेलेलाही आढळतो.

म्यानाचे टोक : खाली किंचित रुंद होत जाणारा जाड तुकडा. वरच्या पृष्ठभागावर म्यानाला जोडण्यासाठी लहान भोके असतात.

चारही तुकडे एकाच दगडाचे, एकाच रंगाचे असणे ही खरी श्रीमंती. बऱ्याच थडग्यांत चारांपैकी दोन-तीनच मिळतात. त्यावरून तलवार लुटली गेली असा निष्कर्ष लगेच काढू नये. ऐपतीप्रमाणे कमी तुकड्यांचा साजही केला जाई.

४. सोने सोडून जेडच का?

जेड (इथे नेफ्राइट) पोलादी चाकूने कोरता येत नाही. त्यावर पाणी आणि कठीण वाळूची भुकटी टाकून ते घासत घासत कापावे लागते. एका लहान सरकेमागे किती दिवसांची मजुरी आहे हे पाहणाऱ्याला कळत असे. शिवाय जेड न गंजणारे, हाताला थंड, ठोकल्यावर स्वच्छ नाद देणारे, म्हणून सज्जनाच्या गुणांची उपमा जेडला दिली जाई.

पण मौल्यवान काय हे काळावर अवलंबून असते. हनान प्रांतात सानमनश्या येथे ग्वो राज्याच्या थडग्यात १९९० मध्ये जेडच्या मुठीची एक छोटी तलवार मिळाली. तिचा काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचा. तिच्यात नवलाची गोष्ट जेड नव्हे, तर लोखंडी पाते आहे. चीनमध्ये तेव्हा कांस्य सर्रास होते आणि लोखंड अपूर्वाईचे, म्हणून त्याला जेडच्या कोंदणात बसवले.

५. दरबारात तलवार घालून जायची परवानगी कोणाला असे?

नियम काळाप्रमाणे उलटेपालटे झाले. छिन राज्यात इ.स.पू. ४०९ मध्ये अधिकाऱ्यांना तलवार बाळगण्याची आज्ञा झाली, म्हणजे तिथून ती अधिकारपदाची खूण बनली. पण राजाच्या प्रत्यक्ष सभागृहात शस्त्रबंदी होती. इ.स.पू. २२७ मध्ये जिंग ख हा मारेकरी नकाशाच्या गुंडाळीत खंजीर लपवून छिनच्या राजापर्यंत पोहोचला तेव्हा ही बंदी राजाच्याच अंगाशी आली. दरबाऱ्यांच्या हाती काही नव्हते, सशस्त्र शिपाई पायऱ्यांखाली होते आणि हुकमाशिवाय वर येऊ शकत नव्हते. राजाची स्वतःची तलवार इतकी लांब की ती म्यानातून उपसताच येईना. 'पाठीवर ढकला!' असा ओरडा झाल्यावर त्याने ती मागे सरकवली आणि मग उपसली. हाच राजा पुढे पहिला सम्राट झाला. रुबाबासाठी वाढवलेली लांबी ऐन वेळी कशी नडते याचे दुसरे उदाहरण द्यायची गरज नाही.

हानच्या पहिल्या सम्राटाने आपला मंत्री श्याओ ह याला तीन सवलती एकत्र दिल्या : तलवार लावून आणि पायताण न काढता सभागृहात यायचे, आणि दरबारात शिरताना इतरांसारखी लगबगीची पावले टाकायची गरज नाही. मंदिरात चपला बाहेर काढणाऱ्या आपल्या वाचकाला या सवलतीचे वजन लगेच कळेल. पुढे हाच मान हान काळाच्या अखेरीचा बलाढ्य सेनानी त्साओ त्साओ याच्यासारख्या माणसांनी सम्राटाकडून मिळवला, तेव्हा त्याचा अर्थ पालटला. चिनी इतिहासग्रंथात एखाद्या सेनानीला 'तलवार व पायताणासह सभागृहात' ही सवलत मिळाल्याचे वाचले, की सिंहासन डळमळते आहे असे खुशाल समजावे.

६. राजाने तलवार पाठवली म्हणजे मान की मरण?

दोन्ही, आणि फरक ओळखता न येणे जीवावर बेतणारे होते.

तलवारीबरोबर पद, मोहीम आणि हुकूम आला असेल तर तो अधिकार. मर्जीतून उतरलेल्या माणसाकडे दूत नुसतीच तलवार घेऊन आला असेल तर तिचा अर्थ : स्वतःच्या हाताने मरा. वू राज्याचा राजा फूछाय याने इ.स.पू. ४८४ मध्ये आपला जुना सल्लागार वू त्झश्यू याला 'शूलोउ' नावाची तलवार पाठवली. पुढे वू राज्य बुडवणाऱ्या गोउज्येननेही आपला मंत्री वन झोंग याला तलवार दिली आणि निरोप असा : वूला हरवायच्या सात युक्त्या तू शिकवल्यास, मी तीनच वापरल्या, उरलेल्या चार माझ्या दिवंगत वडिलांसाठी वापरून पाहा. छिनचा अजिंक्य सेनापती बाय छी यालाही इ.स.पू. २५७ मध्ये राजधानीतून बाहेर काढल्यावर वाटेत तलवार पोहोचवण्यात आली.

यातही एक मान होताच. सामान्य गुन्हेगाराचा बाजारात शिरच्छेद होई, उमरावाला स्वतःचा शेवट स्वतः करायची मुभा मिळे.

तिसरा अर्थ वचनाचा. वूचा राजपुत्र जी झा परराज्यांत वकील म्हणून निघाला असता श्यू राज्याच्या अधिपतीला त्याची तलवार आवडली. वकिलाच्या पोशाखाचाच तो भाग असल्याने जी झाला ती तिथेच देता आली नाही. परतताना द्यायची असे त्याने मनाशी ठरवले. परत येईपर्यंत तो अधिपती वारला होता. जी झाने तलवार थडग्याजवळच्या झाडाला टांगली आणि निघून गेला. उघड न दिलेला शब्दही पाळणे, यासाठी चिनी भाषेत आजही 'तलवार टांगणे' हा दाखला दिला जातो.

७. मालिकांमधली 'शांगफांग तलवार' खरी होती का? ती दाखवून कोणाचाही शिरच्छेद करता येई?

तलवार खरी होती. 'कोणाचाही' हे खरे नाही.

शांगफांग म्हणजे हान काळातली राजवाड्याची कर्मशाळा. सम्राटाच्या वापराच्या वस्तू तिथे बनत. म्हणजे 'शांगफांगची तलवार' याचा सरळ अर्थ सरकारवाड्यातली तलवार. हान सम्राट छंग याच्या दरबारात झू युन नावाच्या अधिकाऱ्याने 'मला शांगफांगची घोडा कापणारी तलवार द्या, एका खुशामतखोराचे डोके उडवतो' अशी मागणी केली. कोणाचे, असे विचारल्यावर त्याने थेट सम्राटाच्या गुरूचे नाव घेतले. त्याला ओढून नेताना त्याने कठडा इतका घट्ट धरला की कठडा मोडला. राग शांत झाल्यावर सम्राटाने तो कठडा नव्याने बदलू दिला नाही. सरळ बोलणाऱ्याची आठवण म्हणून तसाच सांधून ठेवायला लावला.

अधिकार देणारी तलवार म्हणून तिचे काम समजायला इ.स. ९७४ चे उदाहरण चांगले आहे. सोंग घराण्याच्या संस्थापकाने दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या त्साओ बिनला तलवार दिली आणि सांगितले : उपसेनापतीपासून खाली जो हुकूम मोडेल त्याचा शिरच्छेद कर. शेजारी उभ्या असलेल्या उपसेनापतीचा चेहरा पांढरा पडला. इथे तीन गोष्टी ठरलेल्या आहेत : मोहीम कोणती, कोणत्या दर्जापर्यंत, आणि कोणत्या अपराधासाठी. 'आधी शिरच्छेद, मग अहवाल' हे वाक्य लोकांच्या तोंडी राहिले, त्यामागची ही चौकट गळून गेली. मोहीम संपली की अधिकारही संपे. रणभूमी राजधानीपासून आठवडेन् आठवडे दूर असताना प्रत्येक शिक्षेसाठी परवानगी मागवणे शक्य नव्हते, एवढ्यासाठी ही सोय होती.

न्यायाधीश बाओ झंग (९९९ ते १०६२) यांच्या हातात मालिकांत ही तलवार आणि तीन पशुमुखी पाती दाखवतात. ते बाओ झंग खरे. ही शस्त्रे लोककथांची देणगी.

८. समोरच्याकडेही शांगफांग तलवार असेल तर?

हा प्रश्न गमतीने विचारला जातो, पण तसे घडले आहे. मिंग सेनानी युआन छोंगह्वान याला १६२८ मध्ये मांचूंविरुद्धच्या (पुढे छिंग घराणे यांचेच) आघाडीवर पाठवताना ही तलवार मिळाली. बेटांवरून लढणारा सेनानी माओ वनलोंग याच्याकडे आधीच्या सम्राटाने दिलेली तशीच तलवार होती. १६२९ मध्ये युआनने माओवर आरोपांची यादी वाचली आणि त्याचा शिरच्छेद करवला. सम्राटाने तेव्हा कारवाई मान्य केली. वर्षभरात मांचू फौजा पेइचिंगपर्यंत आल्या, युआन कैद झाला आणि १६३० मध्ये त्याला हालहाल करून मारले गेले. त्याच्यावरच्या दोषांत 'एका सरसेनापतीला परस्पर मारले' हाही होता.

तात्पर्य कागदी भाषेत : तलवार अधिकाराची साक्ष देते, अधिकार मात्र देणाऱ्याच्या मर्जीत राहतो. नंतरच्या छिंग घराण्याने या कामासाठी तलवारीऐवजी राजाज्ञेचे ध्वज आणि फलक दिले. ते मोजता, नोंदवता आणि परत मागवता येत.

९. ड्रॅगन कोरलेला असेल तर तलवार सम्राटाची समजावी का?

नाही. आधी नख्या मोजा. मिंग आणि छिंग काळात पाच नख्यांचा ड्रॅगन सम्राटाचा आणि त्याच्या निकटच्यांचा, चार नख्यांचा खालच्या दर्जाचा. पण खास मर्जी म्हणून वरचा दर्जा बहाल होत असे, त्यामुळे पाच नख्या हा पुरावा नव्हे, फक्त शक्यता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाहुण्यांना विकण्यासाठी बनलेल्या तलवारींवर कारागिरांनी मनाला येईल तितक्या नख्या काढल्या आहेत.

१०. इंग्लंडमधल्या एका चिनी तलवारीवर आपल्या देवळातले कीर्तिमुख आहे, हे खरे का?

खरे. लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात मिंग सम्राट योंगल याच्या काळातली (१४०२ ते १४२४) ज्येन आहे. लोखंडावर सोन्याचे काम केलेली तिची मूठ पाहिली की परजेच्या जागी डोळे वटारलेले राक्षसमुख दिसते आणि पाते त्याच्या जबड्यातून बाहेर येते. देवळाच्या उंबरठ्यावर नि कमानीवर दिसणारे आपले कीर्तिमुख बौद्ध कलेबरोबर नेपाळ-तिबेटमार्गे चीनपर्यंत गेले, त्याचाच हा अवतार.

योंगलने तिबेटी धर्मगुरूंना आमंत्रणे आणि भेटी पाठवण्याचा सपाटा लावला होता. पाचवे कर्मापा १४०७ मध्ये नानजिंगला आले. अशा भेटींसाठी राजकर्मशाळेत तिबेटी पद्धतीच्या वस्तू बनत. या तलवारीची घडण त्या गटात बसते.

इथे तलवारीचा अर्थ दरबारी तलवारीपेक्षा वेगळा आहे. बोधिसत्त्व मंजुश्रीच्या उजव्या हातात खड्ग असते आणि ते अज्ञान छेदते. चिनी सम्राटाकडे तिबेटी लोक मंजुश्रीचा अवतार म्हणून पाहत. छिंग सम्राट छ्येनलोंगने तर स्वतःला मंजुश्रीच्या रूपात चितारून घेतले. त्या चित्रांत दोन कमळे आहेत, एकावर खड्ग आणि दुसऱ्यावर पोथी.

११. छ्येनलोंग सम्राटाच्या तलवारी इतक्या प्रसिद्ध का? आणि त्यांचा भारताशी काय संबंध?

छ्येनलोंगने (राज्यकाल १७३५ ते १७९६) १७४८ पासून पुढे सुमारे अर्धे शतक, टप्प्याटप्प्याने ९० दाओ आणि ३० ज्येन बनवून घेतल्या. 'स्वर्ग', 'पृथ्वी' आणि 'मानव' अशा तीन मालिका, प्रत्येकीत ३० दाओ आणि १० ज्येन. मुठीजवळ पात्याच्या एका बाजूला मालिकेचा क्रमांक आणि तलवारीचे नाव, दुसऱ्या बाजूला 'छ्येनलोंग काळात निर्मित' आणि नावाला शोभणारे छोटे चित्र, सोने, चांदी आणि तांबे जडवून केलेले. क्रमांक, नाव आणि चित्र यांचा मेळ बसतो का हे पाहणे ही तपासणीची पहिली पायरी.

यात दाओ तिपटीने का? छिंग राज्यकर्ते मांचू होते. घोडा, धनुष्य आणि दाओ ही त्यांची ओळख. ती पुसली जाऊ नये याची छ्येनलोंगला सतत काळजी असे. १७५९ मध्ये पूर्ण झालेल्या राजसमारंभांच्या सचित्र नियमग्रंथात सम्राटापासून खालपर्यंत कोणी कोणती दाओ लावावी हे चित्रांसह ठरवून दिले आहे : म्यानाचे आवरण, धातूचा मुलामा, पट्ट्याचा रंग. दर्जा चुकवून तलवार घालणे म्हणजे परक्याची वर्दी घालण्यासारखे.

भारताचा धागा मुठीत आहे. छ्येनलोंगला मुघल जेडकाम अतिशय आवडे. 'हिंदुस्तानी जेड' या नावाने तो ते ओळखे आणि त्यावर कविता लिही. पातळ तासलेले जेड, त्यात सोन्याच्या तारेने बसवलेली माणके नि पाचू, पानाफुलांची वळणे. हीच शैली राजवाड्यातल्या कारागिरांनी मुठींसाठी उचलली. मूळ नमुने पाहायचे तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडच्या मुठींचे मुघल खंजीर आहेत.

१२. छिंग चित्रांत तलवारीची मूठ मागे का असते? चित्रकाराची चूक का?

चूक नाही. म्यान डाव्या कमरेला, पण मूठ पाठीकडे आणि टोक पुढे. स्वाराचे मुख्य शस्त्र धनुष्य. मूठ पुढे आली तर बाण ओढताना हातात अडकते. उपसताना उजवा हात पाठीमागून मुठीवर जातो. मराठी चित्रांत मूठ पुढे पाहायची सवय असल्याने हे उलटे वाटते. बाजारातल्या प्रतिकृतीचे लटकवायचे आकडे मूठ पुढे येईल असे बसवले असतील, तर ती छिंग पद्धतीची नाही एवढे नक्की.

१३. गोंडा आणि सात ठिपके कशासाठी?

लांब गोंडा विद्वानाच्या ज्येनला. लढवय्याच्या तलवारीला आखूड गोंडा किंवा काहीच नाही. लांब गोंडा मनगटाला गुंततो हे एकदा हातात घेतले की कळते.

पात्यातले सात पितळी ठिपके म्हणजे सप्तर्षी. ताओपंथात या ताऱ्यांना दुष्ट शक्ती दूर ठेवण्याचे सामर्थ्य आहे, म्हणून ही विधीची तलवार. झज्यांग प्रांतातले लोंगछुएन हे तलवारींचे गाव या नमुन्यासाठी प्रसिद्ध आहे. गावाचे मूळ नाव लोंगयुआन. थांग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या नावात 'युआन' असल्याने तो उच्चार वर्ज्य ठरला आणि नाव बदलले. 'लोंगछुएन' अक्षरे असलेली तलवार म्हणजे जुनी तलवार नव्हे. हा शिक्का आजही मारला जातो.

१४. नाण्यांची तलवार घरात टांगतात, ती काय आहे?

लोखंडी सळीभोवती चौकोनी भोकाची जुनी तांब्या-पितळेची नाणी लाल दोऱ्याने बांधून केलेली तलवार. पाते नाही, धार नाही. पलंगावर किंवा दाराशी टांगतात. सगळी नाणी एकाच सम्राटाच्या कारकिर्दीतली असली तर जास्त प्रभावी, कारण नाण्यावरच्या सम्राटाचे नाव तिथे पहारा देते अशी समजूत. ताओपंथी पुजारी यासाठी पीचच्या लाकडाची तलवारही वापरतात. जुनी वस्तू मिळाली तर नाणी घासू नका आणि कुजका दोरा बदलू नका, ओवण्याची पद्धत हाच तिचा पुरावा असतो.

१५. गोउज्येनची तलवार अडीच हजार वर्षे गंजलीच नाही, तिच्यावर क्रोमियमचा लेप होता, असे व्हॉट्सअॅपवर येते. खरे का?

आधी वस्तुस्थिती. १९६५ मध्ये हुबेईतील जिआंगलिंगजवळ वांगशान येथील पहिल्या क्रमांकाच्या थडग्यात ती सापडली. लांबी ५५.७ सेंमी, रुंदी ४.६ सेंमी, वजन ८७५ ग्रॅम. पात्यावर समभुज चौकोनांची काळी जाळी, परजेवर निळी काच आणि फिरोजा, मुठीच्या माथ्यावर ११ समकेंद्री वर्तुळे. पक्ष्यांसारख्या वळणाच्या आठ अक्षरांत मालक स्वतः सांगतो : युएचा राजा गोउज्येन, स्वतःच्या वापरासाठी.

ती कांस्याची आहे, त्यामुळे लोखंडासारखी गंजण्याचा प्रश्नच नाही. ती लाकडी म्यानात घट्ट बसलेली होती आणि थडगे पाण्याखाली, जवळपास हवाबंद. क्रोमियमची गोष्ट मुळात छिन सम्राटाच्या मातीच्या सैन्याजवळ मिळालेल्या शस्त्रांवरून निघाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की तिथले क्रोमियम लाखेतून आलेले होते आणि शस्त्रे टिकण्याशी त्याचा संबंध नव्हता.

युएच्या राजाची तलवार छू राज्यातल्या थडग्यात कशी? लूट, भेट किंवा हुंडा अशी तीन उत्तरे दिली जातात. राजाच्या नावाची तलवार दुसऱ्याच्या उशाशी पुरली जाते तेव्हा ती कोणाची सत्ता कोणाकडे गेली हे सांगत असते, एवढे तिन्हींत समान आहे. १९९४ मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात तिला धक्का लागून ७ मिमीची चीर पडली. आता तिला देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

१६. हानच्या पहिल्या सम्राटाने जिने साप मारला असे सांगतात, ती तलवार आज कुठे आहे?

कुठेच नाही. घराण्याचा मंगल ठेवा म्हणून राजमुद्रेच्या बरोबरीने तिला मान होता. इ.स. २९५ मध्ये लोयांगच्या शस्त्रागाराला आग लागली, त्यात ती जळाली. त्याच आगीत कन्फ्यूशियसचे म्हणून जपलेले पायताण आणि सिंहासन बळकावणाऱ्या वांग मांगचे जपून ठेवलेले मुंडकेही गेले. पुढे कोणी 'ती' तलवार दाखवत असेल तर ऐकून घ्या, पैसे देऊ नका.

१७. माझ्याकडची तलवार जुनी आहे का, हे घरी कसे तपासू?

प्रथम हलवून पाहा. मूठ खुळखुळत असेल तर आत पात्याला बारीक सळी जोडलेली असण्याची शक्यता मोठी. नीट घडवलेल्या तलवारीत पात्याचे शेपूट मुठीच्या माथ्यापर्यंत जाते आणि टोकाला ठोकून बसवलेले असते. ते टोक माथ्यावर दिसायला हवे.

मग साज. सोनेरी मुलामा उडालेल्या जागी खाली करडा रंग दिसला तर जस्ताचा मिश्रधातू, म्हणजे अलीकडचा ओतीव माल. पिवळा दिसला तर पितळ, पण पितळ आजही वापरात आहे, त्यामुळे त्यावरून वय कळत नाही.

जेडचा सुटा तुकडा असेल तर घनता काढा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. तुकडा आधी कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून पण तळाला न टेकवता तोला. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. नेफ्राइट २.९ ते ३.१ देते, काच सुमारे २.५, सर्पेंटाइन (जेडसारखा दिसणारा दगड) साधारण २.६. उदाहरणार्थ ६० ग्रॅमचा तुकडा पाण्यात ४० भरला तर ६० भागिले २० म्हणजे ३. ३६ भरला तर २.५, म्हणजे बहुधा काच. तुकड्याखाली हवेचे बुडबुडे अडकले की उत्तर कमी येते, म्हणून बुडवल्यावर ब्रशने झटका. मुठीत बसवलेले जेड काढून हा प्रयोग करू नका. भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले तर तेवढ्यावरच काच ठरते.

१८. कोकणात, पावसाळ्यात सांभाळायची कशी?

म्यानात ठेवू नका. चूक बहुतेकांची इथेच होते. लाकूड आणि चामडे ओल धरतात आणि पाते आतल्या आत खड्ड्याखड्ड्यांनी गंजते. पाते बाहेर काढून मऊ सुती कापडाने पुसा, खनिज तेलाचा इतका पातळ हात द्या की बोट लावल्यास तेल थेंबरूपाने उठू नये, आणि म्यान शेजारी वेगळे ठेवा. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या रंग बदलू लागल्या की सुकवा. पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नये, घामाचा ठसा दोन दिवसांत तपकिरी डाग बनतो.

कांस्यावर फिकट हिरवी भुकटी उठली तर तो क्षाराने चालू झालेला रोग आहे. वस्तू इतरांपासून वेगळी करा, पूर्ण कोरड्या हवाबंद डब्यात ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. चिंच, लिंबू किंवा पितळ चमकवायची पावडर अजिबात नको. गडद हिरवा, घट्ट बसलेला थर मात्र निरोगी असतो. तो खरवडला तर वस्तूचे वयच खरवडले जाते.

१९. भारतात ठेवायला परवाना लागतो का? चीनमधून आणता येते का?

१९५९ चा शस्त्र कायदा तलवारीला शस्त्रच मानतो, मग ती शोभेची का असेना. जिथे अधिसूचना लागू आहे तिथे परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा ठरतो. महाराष्ट्रात घरात किंवा वाहनात तलवार सापडल्यावर याच कायद्याखाली गुन्हे नोंदले जातात. म्हणून विकत घेण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी. 'धार नाही' हा बचाव चालेलच असे नाही. लाकडी किंवा नाण्यांच्या तलवारीला ही अडचण सहसा येत नाही.

चीनमधून १९११ पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तू बाहेर नेण्यावर बंदी आहे. त्यामुळे तिथल्या दुकानदाराने 'अस्सल छिंग' म्हणून विकलेली तलवार विमानतळावर आली तर दोनच शक्यता : ती नवी आहे, किंवा तुम्ही अडचणीत आहात. मुठीला हस्तिदंत किंवा कासवाचे कवच असेल तर भारतात वन्यजीव कायदाही लागतो.

२०. प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

गोउज्येनची तलवार आणि तिच्याशेजारी त्याचा वैरी फूछाय याचा भाला (हा १९८३ मध्ये त्याच परिसरात मिळाला) वूहानच्या हुबेई प्रांतिक संग्रहालयात. छ्येनलोंगच्या तलवारी पेइचिंगच्या राजवाडा संग्रहालयात; १८६० मध्ये उन्हाळी राजवाड्याच्या लुटीनंतर काही राजवस्तू पॅरिसला गेल्या, त्या तिथल्या लष्करी संग्रहालयात. योंगलची तलवार लीड्सला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या चिनी-जपानी दालनात तलवारींसाठी नव्हे, तर जेड कसे कापले जाते हे डोळ्यांनी पाहण्यासाठी जावे. प्रश्न ३ मधली सरक मग लगेच ओळखता येईल.